श्रद्धेविना अनुसरण आणि नावाचा अधिकार : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात ख्रिस्ती नीतीचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

१९९० साली टेम्पलटन पुरस्कार मुरलीधर देवीदास उर्फ बाबा आमटे आणि ऑस्ट्रेलियातील जीवशास्त्रज्ञ चार्ल्स बर्च यांना विभागून देण्यात आला. धर्मक्षेत्रातील प्रगतीसाठी म्हणून त्या काळी दिला जाणारा हा पुरस्कार चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे कुष्ठरुग्णांच्या सोबतीने माळरान पिकवणाऱ्या, कोणत्याही धर्मसंस्थेचा प्रतिनिधी नसलेल्या माणसाला मिळावा, ही घटना विचार करायला लावणारी आहे. बाबांनी ख्रिस्ताविषयीचा आपला आदर कधी लपवला नाही. तथापि त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही, कोणत्याही चर्चचे सभासदत्व स्वीकारले नाही आणि कर्मकांडाला आनंदवनाच्या जीवनात केंद्रस्थान दिले नाही. ते नास्तिक होते की त्यांचा ईश्वर श्रमात आणि माणसात होता, याविषयी अभ्यासकांची मते भिन्न असू शकतात. ख्रिस्ती धर्ममताचा त्यांनी अंगीकार केला नव्हता, एवढे मात्र निर्विवाद आहे.

अशा माणसाविषयी 'हाच खरा ख्रिस्ती' असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. हा मोह गौरवाच्या भावनेतून निर्माण होत असला, तरी त्यात एक तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. ख्रिस्ताच्या ईश्वरत्वावर किंवा मुळात ईश्वरावरच ज्याची श्रद्धा नाही, अशा व्यक्तीला ख्रिस्ताची नैतिक शिकवण आचरता येते काय? आणि आचरता येत असल्यास तिला स्वतःला ख्रिस्ती म्हणवून घेता येते काय? हे दोन प्रश्न बहुधा एकच समजून चर्चिले जातात. ते परस्परांपासून वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. त्यासाठी आधी या नावाच्या तात्त्विक व्याख्या, मग महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा आणि त्यानंतर चंद्रपूर-गडचिरोली परिसरातील काही घटना यांचा आधार घेतला आहे.

नावाच्या दोन व्याख्या

ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९२७ साली लंडनमध्ये दिलेल्या आणि पुढे प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात, आपण ख्रिस्ती का नाही, याची मीमांसा केली. टीका करण्यापूर्वी त्यांनी ख्रिस्ती कोणाला म्हणावे याची किमान अट ठरवली. ईश्वर आणि अमरत्व यांवर विश्वास, तसेच ख्रिस्त हा ईश्वर नसला तरी निदान सर्व माणसांत श्रेष्ठ आणि ज्ञानी होता अशी धारणा, एवढे त्यांच्या मते आवश्यक ठरते. केवळ सदाचारी असणे त्यांना पुरेसे वाटत नाही; कारण तसे मानल्यास इतर धर्मांतील सर्व सज्जनांना ख्रिस्ती म्हणावे लागेल आणि त्या शब्दाला काही अर्थच उरणार नाही. रसेल यांच्या निष्कर्षांशी मतभेद असू शकतो. नावाला सीमा हवी, हा त्यांचा मुद्दा मात्र मान्य करावा लागतो.

याउलट भूमिका केंब्रिजचे तत्त्वज्ञ आर. बी. ब्रेथवेट यांनी १९५५ साली आपल्या एडिंग्टन स्मृती व्याख्यानात मांडली. त्यांच्या मते धार्मिक विधान हे जगाविषयीचे वर्णन नसून एका विशिष्ट रीतीने जगण्याच्या निश्चयाची घोषणा असते. ख्रिस्ती मनुष्य म्हणजे प्रेममय जीवन जगण्याचा निश्चय केलेला आणि त्या निश्चयाच्या आधारासाठी ख्रिस्तकथा मनात बाळगणारा मनुष्य होय. या कथा ऐतिहासिक सत्य म्हणून स्वीकारणे त्यांच्या दृष्टीने अनिवार्य नाही. श्रद्धाहीन माणसाला ख्रिस्ती म्हणवून घेण्याचा याहून समर्थ तात्त्विक आधार क्वचितच सापडेल.

ब्रेथवेट यांच्या मांडणीत एक महत्त्वाची उणीव आहे. निश्चय ही व्यक्तीच्या मनातील घटना असते. नाव हा मात्र समाजातील व्यवहार असतो. माणूस निश्चय एकट्याने करू शकतो. नावाला ते देणारा, ऐकणारा आणि वेळप्रसंगी त्याविषयी जाब विचारणारा, असा दुसरा पक्ष लागतो. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ मध्ये ख्रिस्ती या शब्दाची जी व्याख्या आहे, ती या दृष्टीने बोलकी आहे. ख्रिस्ती धर्म प्रकटपणे मानणाऱ्या व्यक्ती, असा तिचा आशय आहे. कायदा अंतःकरणात डोकावत नाही आणि सदाचाराचा दाखलाही मागत नाही. तो प्रकट अंगीकाराकडे पाहतो. रसेल यांनी श्रद्धेला आणि ब्रेथवेट यांनी निश्चयाला दिलेले स्थान कायद्याने अंगीकाराला दिले आहे. नावाचा प्रश्न सोडवण्यास हा तिसरा घटक अधिक उपयोगी पडतो, असे पुढील उदाहरणांवरून दिसून येईल.

महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

महाराष्ट्रात हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच उपस्थित झाला होता. महात्मा जोतीराव फुले यांचे शिक्षण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. 'गुलामगिरी' (१८७३) या ग्रंथात त्यांनी येशू ख्रिस्ताला बळीराजाच्या रूपात पाहिले. शूद्रातिशूद्रांच्या स्मृतीतील न्यायी राजा आणि गालीलातील सुतार यांचा सांधा त्यांनी जुळवला, तो ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या आधारे नव्हे, तर पीडितांच्या बाजूने उभे राहण्याच्या समान धर्मामुळे. फुले निरीश्वरवादी नव्हते. त्यांचा निर्मिकावर विश्वास होता. परंतु ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाच्या सिद्धान्ताची त्यांना गरज वाटली नाही. विरोधकांनी ख्रिस्ती झाल्याचा आरोप केला तरी त्यांनी ते नाव घेतले नाही. त्याऐवजी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' या ग्रंथात एकाच कुटुंबातील माणसांनी वेगवेगळे धर्म मानून गुण्यागोविंदाने राहावे, अशी कल्पना मांडली. आदर घेतला, शिकवण घेतली, नाव मात्र स्वतःचे नवे घडवले, असे फुल्यांच्या भूमिकेचे वर्णन करता येईल.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच्या विरुद्ध टोकाचे आहे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सिस्टर जेरल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्यासारख्या सिद्धान्तांविषयी शंका घेतल्या आणि चर्चच्या अधिकारापुढे आपली विवेकबुद्धी गहाण ठेवण्यास नकार दिला. सिद्धान्ताच्या काटेकोर कसोटीवर त्या काळच्या रमाबाई कदाचित उतरल्या नसत्या. तरीही त्यांचे ख्रिस्ती हे नाव खोटे ठरले नाही. कारण त्यांनी ते साक्षीदारांसमोर स्वीकारले होते आणि त्याविषयी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्या उत्तर देत होत्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या जीवनात शिकवण आणि नाव यांतील अंतर कालक्रमानेच दिसते. १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. म्हणजे आधी त्यांना नीतीने खेचले. बाप्तिस्मा त्यांनी १८९५ साली घेतला. पुढे १९१७ साली मिशनपासून अलग होऊन त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांना त्यात स्थान होते. १९१९ साली टिळकांचे निधन झाल्याने हा प्रयोग फार काळ चालला नाही. तरीही बाप्तिस्मा न घेतलेल्या शिष्याला सामावून घेण्यासाठी टिळकांना एक नवी संस्था कल्पावी लागली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. अशा शिष्याने एकट्याने घरी बसून स्वतःला ख्रिस्ती म्हणावे, असा मार्ग त्यांनी सुचवला नाही. शिष्यत्वाला त्यांनी दरबार दिला, म्हणजे सोबत दिली.

चांद्याचा बिशप आणि गोंडांतील धर्मोपदेशक

नाव सोडून देण्याचा प्रसंग व्हेरियर एल्विन यांच्या जीवनात आला आणि त्याचा संबंध या परिसराशी आहे. एल्विन १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात दाखल झाले. गांधीजींच्या सहवासाने त्यांची दिशा बदलली. १९३२ साली ते शामराव हिवाळे या मराठी सहकाऱ्यासह मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये राहू लागले. त्या भागावर नागपूरच्या अँग्लिकन बिशपचा अधिकार चाले. बिशप ॲलेक्स वुड हे स्वतः स्कॉटिश एपिस्कोपल चर्चच्या चांदा मिशनमध्ये प्रदीर्घ काम केलेले अनुभवी मिशनरी होते. गोंडांची सेवा करणारा, परंतु त्यांचे धर्मांतर करू न इच्छिणारा धर्मोपदेशक त्यांना मान्य होईना. त्यांनी एल्विन यांना धर्मोपदेशकाचा परवाना नाकारला आणि काही वर्षांतच एल्विन चर्चमधून बाहेर पडले. पुढे त्यांची ख्रिस्ती श्रद्धाही हळूहळू मावळली. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमधील मुरिया आणि माडिया समाजांवरील त्यांचे ग्रंथ मानववंशशास्त्रात मान्यता पावले.

या वादात बिशप संकुचित आणि एल्विन उदार, असा निवाडा करणे सोपे आहे. परंतु तो अपुरा आहे. धर्मोपदेशकाचे पद हे सेवेबरोबर साक्ष देण्याचेही पद आहे, अशी बिशपची भूमिका होती आणि आपल्या परंपरेच्या चौकटीत ती सुसंगत होती. एल्विन यांनीही साक्ष देता येत नसताना ते पद आणि ते नाव बळेच धरून ठेवले नाही. सेवा चालू ठेवली, नाव सोडले. ज्या शिकवणीने त्यांना करंजियाला आणले, ती श्रद्धा मावळल्यावरही त्यांच्या हातून काम करवीत राहिली. शिकवण श्रद्धेवाचून टिकू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय. श्रद्धेवाचून नाव टिकवण्याचा हट्ट धरू नये, हेही त्यातूनच शिकता येते.

आनंदवन : अनुसरण आणि रूपांतर

आता आनंदवनाकडे वळता येईल. वरोऱ्यात वकिली करणाऱ्या आणि नगरपालिकेच्या कामात सफाई कामगारांबरोबर मैला वाहून पाहणाऱ्या बाबांना एका पावसाळी रात्री तुळशीराम हा कुष्ठरुग्ण रस्त्याकडेला दिसला. त्याला पाहून ते भयाने दूर पळाले. या भयावर मात करण्यासाठी ते परत फिरले आणि तेथून त्यांच्या कार्याची दिशा ठरली, असे त्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी प्रशिक्षण घेतले आणि १९५१ साली विनोबा भावे यांच्या हस्ते आनंदवनाचा प्रारंभ झाला.

शुभवर्तमानातील कुष्ठरुग्णांच्या कथा आणि आनंदवन यांची तुलना केल्यास अनुसरणाचे स्वरूप स्पष्ट होते. मार्काच्या पहिल्या अध्यायात येशू कुष्ठरुग्णाला स्पर्श करतो. ज्याला शिवू नये त्याला शिवणे, हा त्या कथेचा नैतिक गाभा होय आणि आनंदवनाने तो पूर्णतः स्वीकारला. परंतु त्याच कथेत पुढे बऱ्या झालेल्या माणसाला याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवण्यास सांगितले जाते. कारण मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे याजकाने शुद्ध ठरवल्याशिवाय त्याला समाजात परत घेतले जात नसे. लूकच्या सतराव्या अध्यायातील दहा कुष्ठरुग्णांच्या कथेत आभार मानायला परत आलेल्या एकाला त्याच्या विश्वासाने तारल्याचे सांगितले आहे. म्हणजे मूळ कथांमध्ये स्पर्श, बरे होणे, विश्वास आणि समाजात परतणे ही एकाच सूत्रात ओवलेली कडी आहेत.

आनंदवनात ही कडी सुटी झाली. बरे होण्याचे काम सल्फोन वर्गातील डॅप्सोन या औषधाने आणि १९८१ नंतर जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने केले. विश्वासाची जागा श्रमाने घेतली. समाजात परतण्याचा प्रश्न मात्र सर्वांत अवघड ठरला. जंतुमुक्त झालेल्या माणसाला डॉक्टरने दाखला दिला तरी गाव त्याला परत घेईना. शुद्धतेची ग्वाही देणारा आणि ज्याची ग्वाही समाज मानेल, असा याजक विसाव्या शतकातील चंद्रपूर जिल्ह्यात कोणी नव्हता. म्हणून परतण्यासाठी वेगळा समाजच उभा करावा लागला. शेती, विणकाम, शाळा, महाविद्यालय, बऱ्या झालेल्या स्त्रीपुरुषांचे विवाह आणि संसार, हे सारे त्यातून आले. येथे बाबांनी शिकवण जशीच्या तशी उचलली नाही. करुणेतील दातृत्वाचा भाग त्यांनी नाकारला आणि स्वाभिमानाचा भाग वाढवला. दान माणसाला दुबळे करते व काम त्याला उभे करते, हे त्यांचे सूत्र शुभवर्तमानातील दयेच्या कथांवर केलेले एक भाष्यच म्हटले पाहिजे.

यावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. श्रद्धेवाचून ख्रिस्ताची शिकवण आचरता येते. परंतु ती आचरताना तिचे रूपांतर होते. श्रद्धेचा धागा काढून घेतल्यावर उरलेले मणी नव्या धाग्यात ओवावे लागतात. बाबांनी त्यासाठी श्रम आणि विज्ञान यांचा धागा वापरला. असे रूपांतर करणाऱ्याने मूळ नाव लावावे की न लावावे, हा प्रश्न म्हणूनच शिल्लक राहतो. बाबांनी ते लावले नाही. २००८ साली त्यांच्या पार्थिवाचे दहन न करता आनंदवनाच्या मातीत दफन करण्यात आले. एखाद्या अनभिज्ञ पाहुण्याला ती ख्रिस्ती खूण वाटेल. प्रत्यक्षात ती मातीत मिसळण्याच्या त्यांच्या स्वतःच्या निसर्गविचाराची खूण होती. बाह्य चिन्ह जुळले तरी नाव जुळत नाही, हे त्यातून दिसते.

१६ ऑक्टोबर १९५६ : ईश्वराविना धर्म, वचनासह नाव

आनंदवनाच्या स्थापनेनंतर पाच वर्षांनी त्याच जिल्ह्यात या प्रश्नाचे दुसरे उत्तर दिले गेले. नागपूर येथील १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षा समारंभानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ ऑक्टोबर रोजी चंद्रपूर येथे आपल्या अनुयायांना धम्मदीक्षा दिली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी धर्म आणि धम्म यांत भेद केला आहे. इतर धर्मांत ईश्वराला जे स्थान असते, ते धम्मात नीतीला असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजे ईश्वर न मानणाऱ्या माणसाला पूर्ण प्रामाणिकपणे स्वीकारता येईल असे नाव त्यांनी निवडले. तरीही नाव सहज मिळाले नाही. त्यासाठी त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा सार्वजनिकरीत्या उच्चाराव्या लागल्या.

या दोन घटना शेजारी ठेवल्या असता एक स्पष्ट रचना दिसते. वरोऱ्यात कार्य स्वीकारले गेले, नाव नाही. चंद्रपूरला नाव स्वीकारले गेले आणि त्यासोबत वचनही दिले गेले. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. तिसरा मार्ग म्हणजे वचन न देता नाव घेणे. आपण अमुक शिकवण आवडीने पाळतो, म्हणून आपण त्या धर्माचे, हा युक्तिवाद या तिसऱ्या मार्गाचा आहे आणि तो कमकुवत आहे.

नावाची किंमत

भारतात नाव हा केवळ आत्मभानाचा विषय नाही. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा प्रारंभी हिंदू धर्म मानणाऱ्यांपुरता होता. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध यांचा त्यात समावेश झाला. दलित ख्रिस्ती अद्याप त्याबाहेर आहेत आणि १९८५ सालच्या सूसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही रचना कायम ठेवली. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अट नाही. परिणामी गडचिरोलीतील एखादा माडिया गोंड ख्रिस्ती झाला तरी त्याचा जमातीचा दर्जा जात नाही. त्याच जिल्ह्यातील अनुसूचित जातीची व्यक्ती ख्रिस्ती झाली तर तिला आपला दर्जा गमवावा लागतो. एकच नाव, परंतु दोन शेजाऱ्यांनी मोजलेली किंमत निराळी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीतील एका महिलेचा अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्रासाठीचा दावा फेटाळला. तिचा बाप्तिस्मा झालेला होता आणि ती चर्चमध्ये नियमित जात होती. नोकरीच्या लाभासाठी मात्र तिने आपण हिंदू असल्याचे म्हटले होते. प्रत्यक्ष श्रद्धा नसताना केवळ आरक्षणाच्या हेतूने धर्माचे नाव घेणे न्यायालयाने अमान्य केले. या निवाड्यावर मतभेद असू शकतात. गरिबीतून आलेल्या द्विधा अवस्थेला लबाडी म्हणावे काय, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु त्यातून एक वास्तव पुढे येते. ज्यांना या नावामुळे काही गमवावे लागते, त्यांना ते सोयीनुसार घालता-काढता येत नाही. अशा स्थितीत ज्याचे काहीच जात नाही, अशा सुस्थित आणि श्रद्धाहीन माणसाने केवळ डोंगरावरील प्रवचन आवडते म्हणून तेच नाव धारण करणे, यात नैतिक विषमता आहे.

नाव म्हणजे सद्गुणाची हमी नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे. २००१ च्या दुरुस्तीने ख्रिस्ती समाजाला लागू असलेल्या घटस्फोट कायद्यात कुष्ठरोग हे विवाहविच्छेदाचे एक कारण समाविष्ट झाले. हिंदू विवाह कायद्यातही ते होतेच. २०१९ साली वैयक्तिक कायद्यांच्या दुरुस्तीने दोन्हीकडून ते वगळण्यात आले. ज्याने कुष्ठरुग्णाला स्पर्श केला त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाजाच्या कायद्यात ही तरतूद अठरा वर्षे राहिली आणि त्याच काळात ते नाव न लावणारे आनंदवन बऱ्या झालेल्या कुष्ठरुग्णांचे संसार जपत होते. शिकवण आणि नाव यांची फारकत दोन्ही दिशांनी होऊ शकते, याचा हा पुरावा होय.

दोन आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप धर्मशास्त्रीय आहे. जर्मन जेझुइट धर्मशास्त्रज्ञ कार्ल रानर यांनी मांडलेल्या 'अनामिक ख्रिस्ती' या संकल्पनेनुसार ख्रिस्ताचे नावही न घेणारा माणूस कृपेने ख्रिस्ताशी जोडलेला असू शकतो. त्या न्यायाने बाबा आमटे यांना अनामिक ख्रिस्ती म्हणता येईल काय? या संकल्पनेमागील औदार्य नाकारता येत नाही. परंतु हान्स क्यूंग यांच्यासारख्या ख्रिस्ती विचारवंतांनीच तिच्यावर आक्षेप घेतला आहे. ज्याने विचारपूर्वक ते नाव घेतले नाही, त्याच्यावर ते लादणे म्हणजे त्याच्या निर्णयाचा अनादर होय. एखाद्या निष्ठावान ख्रिस्ती डॉक्टरला कोणी 'अनामिक हिंदू' म्हटले, तर त्यातील आक्रमण चटकन लक्षात येते. मग उलट दिशेने तेच घडत असताना ते गौरव कसे ठरेल?

दुसरा आक्षेप व्यवहारातील आहे. चंद्रपूर परिसरात ख्रिस्ती कुटुंबांच्या अनेक पिढ्या झाल्या. स्कॉटिश मिशनच्या काळापासूनची कुटुंबे आहेत. १९७७ साली स्थापन झालेल्या चांदा धर्मप्रांताच्या परगण्यांतील कुटुंबेही आहेत. अशा घरात जन्मलेल्या, पण पुढे श्रद्धा उरली नाही अशा प्राध्यापकाने वा परिचारिकेने ख्रिस्ती म्हणवणे खोटे ठरेल काय? तसे म्हणता येणार नाही. ती व्यक्ती नाताळला घरच्यांसोबत चर्चमध्ये बसते, नातलगांच्या लग्नाला आणि दफनविधीला उभी राहते, समाजावर संकट आले तर त्याचा वाटा उचलते आणि त्या नावाविषयी होणाऱ्या प्रश्नांना उत्तर देते. तिची श्रद्धा क्षीण असेल, परंतु तिचे उत्तरदायित्व अखंड आहे. म्हणून श्रद्धा ही नावाची एकमेव कसोटी मानता येत नाही. रमाबाईंच्या शंका आणि या परिचारिकेची अश्रद्धा यांना जे वाचवते, तेच केवळ शिकवणीवर प्रेम करणाऱ्या बाहेरच्या माणसापाशी नसते. ते म्हणजे, इतरांनी जाब विचारावा आणि आपण तो द्यावा, असे नाते.

समारोप

उपरोक्त विवेचनातून दोन प्रश्नांची दोन उत्तरे निष्पन्न होतात. श्रद्धाहीन माणसाला ख्रिस्ताची नैतिक शिकवण आचरता येते. आनंदवन हे त्याचे उदाहरण आहे. मात्र तसे आचरताना शिकवण नव्या आधारावर उभी करावी लागते आणि ती बदलते. ख्रिस्ती हे नाव मात्र शिकवणीच्या आवडीने मिळत नाही. ते अंगीकाराने आणि त्यातून येणाऱ्या उत्तरदायित्वाने मिळते. उत्तरदायित्व असेल तर डळमळीत श्रद्धेचा माणूसही ते नाव सार्थपणे धारण करू शकतो. ते नसेल तर कितीही मोठे सत्कृत्य त्या नावाचा हक्क देत नाही, आणि सत्कृत्याला त्या हक्काची गरजही नसते.

या निष्कर्षाला खुद्द शुभवर्तमानात आधार आहे. लूकच्या दहाव्या अध्यायातील दृष्टान्तात लुटारूंनी जखमी केलेल्या वाटसरूला याजक आणि लेवी ओलांडून जातात. त्याची शुश्रूषा करतो तो परका शोमरोनी. शेजारधर्म कोणी पाळला, असा प्रश्न येशू विचारतो. शोमरोन्याने आपले नाव बदलावे, असे मात्र तो सुचवत नाही. कथेच्या अखेरीस तो शोमरोनीच राहतो आणि ऐकणाऱ्याला तसेच करण्यास सांगितले जाते. वरोऱ्याच्या माळावर घडलेल्या कार्याचा गौरव करताना 'हाच खरा ख्रिस्ती' असे म्हणण्याऐवजी त्या कार्याला त्याच्याच नावाने ओळखणे, हे बाबांनाही न्याय देणारे ठरेल आणि ज्यांनी ते दुसरे नाव किंमत मोजून धारण केले आहे त्यांनाही.